वाजला म्हणजे माणूसच

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या भाषणात फोन सोडून द्या, असे मी सांगणार नाही. फोन लहान करा एवढेच सांगणार आहे, आणि तेही सगळ्यांना नव्हे; ज्यांना आपला दिवस दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत कापला जातो आहे असे जाणवते, त्यांनाच. त्यांच्यासाठी आजचा विषय आहे फ्लिप फोन. मधोमध बिजागरी असलेला, आत मोठी बटणे आणि लहानसा पडदा असलेला, उघडला की बोलणे सुरू होते आणि मिटला की बोलणे संपते, असा साधा फोन. बाजारात सध्या घडी घालता येणारे स्मार्टफोनही मिळतात, पण त्यांची किंमत कित्येकदा लाखाच्या घरात जाते आणि आपल्याला ज्यापासून सुटायचे आहे ते सगळे त्यांत घडी होऊन खिशात येते. त्यांच्याविषयी मी बोलत नाही. मी बोलतो आहे तो बटणांच्या फोनविषयी. मोटोरोलाचा स्टारटॅक १९९६ साली आणि रेझर व्ही३ २००४ साली आला, तेव्हा ज्या घाटाचे फोन ऐटीत मिरवले जात, तोच घाट आता कमी सोयी हव्या असलेल्या माणसांच्या उपयोगी पडतो आहे.

कोणी म्हणेल की स्मार्टफोनमध्येच सूचना बंद करण्याची सोय असते, मग दुसरा फोन कशाला? सोय असते, हे खरे. परंतु ती बंद करणारा अंगठा आणि ती पुन्हा सुरू करणारा अंगठा एकच असतो, आणि रात्री साडेदहा वाजता तो फारसा विचार करत नाही. शिवाय हल्लीच्या बहुतेक ॲपमध्ये पान कधी संपतच नाही, खालून नवे येतच राहते. आणि जे संपत नाही ते खाली ठेवण्याचा क्षण माणसाला सापडत नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने यावर ऑगस्ट २०२२ पासून सामुदायिक उपाय काढला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो, त्यासरशी घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद होतात आणि साडेआठपर्यंत मुले अभ्यासाला बसतात. उपाय उत्तम आहे, परंतु त्यासाठी गाव लागते, सरपंच लागतो आणि ऐकणारी माणसे लागतात. शहरातल्या इमारतीत भोंगा वाजवला, तर पहिली तक्रार त्या भोंग्याचीच होईल. म्हणून एकट्यादुकट्याने करण्याजोगा उपाय म्हणून मी साध्या फोनकडे पाहतो.

आता तुम्हांला मिरजेची एक गोष्ट सांगतो. ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे, आमच्या घरी ती पाठ आहे, तरी मला ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

मिरजेत सितारमेकर गल्ली आहे, हे गाण्याची आवड असलेल्या श्रोत्यांना सांगायला नको. तिथे पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तानपुरे घडतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून भोपळे येतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या गल्लीतल्या एका वयस्कर कारागिरांकडे आमच्या बहिणीचा तानपुरा जवारीसाठी नेण्याचा प्रसंग मला वरचेवर येतो. नाव सांगत नाही. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही चाचाच म्हणतो. जवारी म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा किंचित उताराचा असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवलेला असतो. त्या उतारामुळे आणि धाग्यामुळे तार छेडल्यावर मूळ स्वराबरोबर वरचे सगळे स्वर उमलत जातात. हा उतार कानसीने काढायचा असतो. एकदोन हात मारायचे, तार चढवायची, छेडायची, ऐकायचे, पुन्हा उतरवायची. हात थोडा मारायचा आणि ऐकायचे फार.

काही वर्षांपूर्वी चाचांच्या दुकानात स्मार्टफोन आला. तो येणे भागच होते. पुण्या-मुंबईचे आणि परदेशातले गिऱ्हाईक वाद्याचे फोटो मागत होते, नक्षी कशी हवी ते चित्र पाठवून सांगत होते, पैसेही त्यावरच येत होते. फोन घोडीशेजारी, कानसीच्या डब्याला टेकवून ठेवलेला असे. काही महिन्यांनी मी गेलो, तेव्हा पाहिले की चाचा एका तानपुऱ्यावर बसले आहेत आणि चिडलेले आहेत. आणि चाचा चिडलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मला वाटले, संदेशांमुळे कामात वेळ जात असेल. तसे विचारलेही. त्यावर ते म्हणाले, "वेळेचं काय हो, वेळ रात्री बसून भरून काढता येतो. पण हा मध्येच टिंग करतो ना, त्याचा सूर माझ्या कानात बसतो. तो काढायचा कसा, ते सांगा."

श्रोतेहो, मी रेडिओवर काम करणारा माणूस, आवाज हाच माझा धंदा; पण हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. फोनच्या त्या इवल्या घंटीलाही एक स्वर असतो. चाचांपुढचे वाद्य काळी एक या पट्टीत लावलेले, आणि घंटीचा स्वर कुठल्या तरी दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत. बारीक ऐकत बसलेला कान त्या घंटीला षड्ज, म्हणजे मूळ सा, मानून मोकळा होतो आणि मग समोरचा खरा षड्जच उतरलेला वाटू लागतो. चाचांना कानसी खाली ठेवून, दारात जाऊन, कान निवेपर्यंत उभे राहावे लागे. आणि ती घंटी कशाची? बहुतेक वेळा कोणीतरी कोणत्यातरी गटावर सूर्योदयाचे चित्र टाकलेले असे. (सकाळच्या शुभेच्छांची ही प्रथा कोणी सुरू केली हे मला ठाऊक नाही, परंतु ज्यांना सकाळी खरोखर आपली आठवण येते ती माणसे आपल्याला चित्र पाठवत नाहीत, असे माझे जुने मत आहे.) घंटी बंद करून पाहिली, तर फोन थरथरू लागला, थरथर बंद केली, तर पडदा उजळू लागला, पडदा पालथा घातला, तर गिऱ्हाइकाचा खरा फोन आला तोही कळेना.

मग चाचांनी ठरवले की बटणांचा फोन घ्यायचा. कुवेतला असलेल्या एका नातेवाइकाने पूर्वी आणलेला मिटणारा फोन घरात पडून होता, चांगला चकचकीत होता. त्यात सिम घातले, तर सिग्नलची एकही कांडी उठेना. फोन बिघडलेला नव्हता. तो जुन्या पिढीचा होता, आणि सिम ज्या कंपनीचे होते तिचे सगळे जाळे ४जी आणि त्यापुढचे. हा मुद्दा पुढे मी पुन्हा सांगणार आहे, कारण जुना फोन हौसेने बाहेर काढणारे बहुतेक सगळे इथेच अडतात. शेवटी चाचा लक्ष्मी मार्केटजवळच्या एका दुकानात गेले आणि मिटणारा ४जी फोन मागितला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "चाचा, हा लोक आजोबांसाठी नेतात." चाचा म्हणाले, "मग दे की. मीच आजोबा आहे."

त्या दिवसापासून दुकानात अशी व्यवस्था झाली की स्मार्टफोन बाहेरच्या खोलीत पुतण्याकडे, फोटो आणि पैसे तो पाहील. आणि आत चाचांच्या सदऱ्याच्या खिशात मिटलेला फोन. त्याचा क्रमांक घरच्यांना आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना दिलेला. चाचांचे म्हणणे एवढेच होते की आता हा वाजला म्हणजे माणूसच असतो. हे वाक्य मी पुन्हा म्हणतो, कारण आजच्या भाषणातला मुख्य मुद्दा तोच आहे: साधा फोन वाजला म्हणजे पलीकडे माणूसच असतो.

आणि आता गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. एका संध्याकाळी मी तिथे बसलेलो असताना पुतण्या धावत आत आला. न्यू जर्सीहून एक मराठी गायिका व्हिडिओवर बोलत होत्या. चाचांनीच घडवलेला त्यांचा तानपुरा अचानक मुका झाला होता, त्यांच्याकडे शिष्यांचा कार्यक्रम होता, आणि वाद्य पाहून काय ते सांगा, असा त्यांचा आग्रह होता. पुतण्याने पडदा पुढे केला. पडद्यावर तानपुरा दिसत होता, अगदी स्वच्छ दिसत होता, परंतु तार छेडली की आवाज क्षणभर येई आणि विरून जाई. याचे कारण असे की व्हिडिओ संभाषणाची ॲप एकसारख्या चालू राहणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजून गाळून टाकतात. आणि तानपुरा तर एकसारखाच वाजत राहण्यासाठी असतो. चाचांनी पडद्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते पुतण्याला म्हणाले, "ताईंना सांग, घरी तारेचा फोन असला तर त्यावरून माझ्या नंबरवर लावा."

तो फोन आला. चाचांनी खिशातून फोन काढून उघडला आणि म्हणाले, "ताई, रिसीव्हर भोपळ्याजवळ नको, घोडीच्या जवळ धरा. एकेक तार छेडा, सावकाश. मधे बोलू नका." मग त्यांनी डोळे मिटले. आम्ही दोघे श्वास रोखून उभे. पंचमाची तार झाली, एकाच सुरातल्या जोडाच्या दोन तारांपैकी एक झाली, दुसरी झाली, मग सर्वांत खालच्या स्वराची, खरजाची झाली. चाचा म्हणाले, "दुसरी जोड पुन्हा." पुन्हा ती वाजली. "सूत पुढं सरकलंय त्या तारेचं. तांदळाच्या दाण्याच्या निम्मं मागं घ्या. अजून थोडं. आता छेडा." पलीकडून काय ऐकू आले ते मला कळले नाही, पण चाचांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला; मग त्यांनी "लागला" असे म्हटले आणि फोन मिटला. आभार मानायलाही त्यांनी त्या ताईंना अवकाश दिला नाही.

मला राहवेना. मी विचारले की चाचा, तारेच्या फोनवर खरज तर नीट ऐकूच येत नाही, मग तुम्ही पारख कशी केली? मला याविषयी थोडे ठाऊक आहे, कारण ते माझ्या कामाचेच आहे. जुना टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज वाहून नेतो, आणि खरजाच्या तारेचा मूळ स्वर त्याच्या कितीतरी खाली असतो. म्हणजे तो पलीकडे पोहोचतच नाही. चाचांना हर्ट्झ वगैरे माहीत नाही. ते म्हणाले, "खरज कुणी ऐकला? जवारी वर असते. वरचं सगळं आलं ना." आणि हे शास्त्राप्रमाणेही तंतोतंत खरे आहे. जवारी म्हणजे मूळ स्वराच्या वर उमलणाऱ्या स्वरांचाच खेळ. ते स्वर त्या अरुंद पट्ट्यात बसतात, आणि नको असलेले बाकीचे बाहेर राहतात. चित्रासह सगळे काही दाखवणाऱ्या फोनने नेमके हवे तेच गाळले होते, आणि चाचांच्या साध्या फोनने तेवढेच आत घेतले होते.

(जाता जाता सांगतो, विजेवरच्या तानपुऱ्याच्या पेटीचे आणि मोबाइलमधल्या तानपुऱ्याचे मला कौतुक नाही. प्रवासात ठीक आहे. पण घरात वाद्य असताना पेटी लावून रियाजाला बसणारे विद्यार्थी पाहिले, म्हणजे तार जुळवण्यात जी पंधरा मिनिटे जातात तीच खरी तालीम होती, हे त्यांना कोणी सांगितले नाही काय, असा प्रश्न मला पडतो. असो.)

फोन घेताना काय पाहावे, ते आता थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, फोन ४जी असावा आणि त्यावर व्होल्टी म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय असावी. पुन्हा सांगतो: ४जी आणि व्होल्टी. जिओचे २जी जाळे मुळातच नाही, आणि बहुतेक खासगी कंपन्यांनी ३जी गुंडाळले आहे, त्यामुळे कपाटातला सुंदर जुना फोन आता बहुधा शोभेपुरताच उरतो. दुकानातच आपले सिम घालून एक फोन लावून पाहावा. यात संकोच करू नये. अशा फोनांची किंमत फार नसते. नोकिया २६६० फ्लिप २०२२ साली भारतात आला, तेव्हा तो ४,६९९ रुपयांना होता. बॅटरी काढून बदलता येते का, देवनागरी अक्षरे नीट दिसतात का आणि बिजागरी ढिली नाही ना, हे उघडमीट करून पाहावे. वापरलेला फोन घेणार असाल, तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, दिसेल. मग केवायएम असे इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून, तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवला, की तो फोन काळ्या यादीतला आहे किंवा काय ते कळते. आणखी एक: साध्या फोनवर ५ किंवा ९ हे बटण दाबून धरल्यास आपत्कालीन मदतीसाठी फोन लागावा, असा आपल्याकडे २०१७ पासून नियम आहे. आपल्या फोनवर ते बटण कोणते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच दाखवून ठेवावे.

पैशांचे काय, हा प्रश्न हमखास येतो. बँकेशी जोडलेले सिम साध्या फोनमध्ये असेल, तर बँकेचा ओटीपी संदेशाने त्यावर व्यवस्थित येतो. रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ रोजी यूपीआय १२३पे ही सोय खास साध्या फोनसाठी सुरू केली. तीत एका क्रमांकावर फोन करून, आवाजाच्या सूचनांप्रमाणे बटणे दाबून पैसे पाठवता येतात, आणि एका व्यवहाराची मर्यादा पाच हजारांवरून दहा हजार रुपये करण्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले. स्टार नव्याण्णव हॅश दाबून इंटरनेटशिवाय पैसे पाठवण्याची जुनी वाटही आहे. दोन्ही वाटा संथ आहेत. भाजीवाल्याकडे मागे रांग उभी असताना त्या चालणार नाहीत, तिथे खिशात सुट्या नोटाच हव्यात. मुंबईत लोकलचे तिकीट खिडकीवर किंवा स्थानकावरच्या एटीव्हीएम या तिकीट-यंत्रावर काढावे लागेल. आरक्षित तिकिटाला मात्र संदेश आणि मूळ ओळखपत्र पुरते.

आणि व्हॉट्सॲप? ते या फोनांवर नसतेच, असे धरून चाला. मुलांच्या शाळेचा गट, सोसायटीचा गट, कार्यालयाचा गट हे सगळे तिथेच असतात, हे मला मान्य आहे. म्हणून पूर्ण संन्यास घेण्यापेक्षा चाचांच्या दुकानातली व्यवस्था मला बरी वाटते. स्मार्टफोन घरात, बाहेरच्या खोलीत, एका ठरलेल्या जागी असावा. बँकेशी आणि व्हॉट्सॲपशी जोडलेला जुना क्रमांक त्यातच राहू द्यावा, कारण पैसे पाठवणाऱ्या ॲपला तेच सिम त्याच फोनमध्ये लागते. फ्लिप फोनसाठी नवे सिम घ्यावे आणि तो क्रमांक मोजक्याच माणसांना द्यावा. मात्र नव्या क्रमांकावरही कर्ज देऊ करणारे आणि भूखंड विकणारे येतातच. ते आले तर चाचांचे वाक्य खोटे ठरेल. म्हणून पहिल्याच दिवशी स्टार्ट आणि शून्य असा संदेश इंग्रजीत लिहून १९०९ वर पाठवावा, म्हणजे नोंदणीकृत जाहिरातदारांचे फोन आणि संदेश थांबतात. ओळखीच्या माणसांचे क्रमांक नव्या फोनमध्ये नेण्यासाठी ते सिमवर उतरवता येतात, परंतु लांब नावे त्यात कापली जातात आणि तुमच्या तीन कुलकर्ण्यांचा एकच कुलकर्णी होतो. मी तर म्हणेन की मोजकेच क्रमांक असतील, तर ते हाताने भरावेत. त्या निमित्ताने चार तरी पाठ होतील. घरातल्या माणसाचा क्रमांक पाठ नसणे हे मला फारसे भूषणावह वाटत नाही.

शेवटची गोष्ट माझ्या स्वार्थाची आहे. बहुतेक साध्या फोनांत एफएम रेडिओ असतो, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. स्मार्टफोनांतून मात्र तो हळूहळू दिसेनासा झाला, इतका की २०२३ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला फोन बनवणाऱ्यांना ही सोय सुरू ठेवा असा सल्ला द्यावा लागला. पूर आला, वीज गेली, जाळे कोसळले, तरी आकाशवाणीचे केंद्र बोलत असते, आणि ते ऐकायला खिशात काहीतरी असावे. काही फोनांना यासाठी कानात घालायची तार जोडावी लागते, कारण तीच अँटेनाचे काम करते, तर काहींना लागत नाही. तेव्हा दुकानात फोन हातात घेतलात, की सिमची परीक्षा झाल्यावर रेडिओ उघडा आणि आपले केंद्र लावून पाहा. खरखर आली, तर दुकानदाराला सांगून दारापर्यंत या आणि तिथे पुन्हा लावा. तरीही लागले नाही, तर खुशाल दुसरा फोन दाखवायला सांगा.

नमस्कार.